बाणाची ओढ

त्या वर्षी आष्टी तालुक्यात लागोपाठ दुसरा पावसाळा कोरडा गेला आणि फेब्रुवारीतच गावच्या दूध संस्थेनं माळावर जनावरांची छावणी उघडली. पाझर तलावाच्या भेगाळलेल्या पोटालगत बारा दावणी, त्यात सहाशेच्या आसपास जनावरं. फाटकाजवळ पत्र्याची एक खोली होती. तिथं धोंडीरामाची गीता संगणकावर बसायची. वय सव्वीस. केजला मावशीकडं राहून तिनं कोर्स केला होता. बोलणं मोजकं आणि काम इतकं नीट, की चेअरमन अर्जुनराव तिच्या कागदावर न वाचता सही करायचे.

कामही सोपं होतं. पडद्यावर छावणीचा नकाशा होता, बारा ओळी आणि ओळीत हिरवे चौकोन. एक चौकोन म्हणजे एक जनावर. बाण त्यावर नेला की मालकाचं नाव आणि कानातल्या बिल्ल्याचा नंबर दिसायचा. जनावर कमी करायचं झालं तर माऊसनं त्याचा चौकोन धरायचा, ओढत उजवीकडं न्यायचा आणि ‘बाहेर’ लिहिलेल्या चौकटीत सोडायचा. प्रिंटरमधून चिठ्ठी निघायची. ती फाटकावरच्या सुग्रीवच्या हातात दिली की तो जनावर सोडून द्यायचा.

एप्रिलमध्ये चाऱ्याच्या गाड्या निम्म्यावर आल्या. अर्जुनरावांनी सांगितलं, चाळीस जनावरं कमी करा. कुठली, ते सांगितलं नाही. जाता जाता एवढंच म्हणाले, की धनगरवस्तीनं संस्थेच्या निवडणुकीत आपल्याला ओळख दाखवली नव्हती.

गीतानं चहा येईपर्यंत चाळीस चौकोन ओढले. सातव्या दावणीतली बायडाबाईची गाय एकोणचाळिसावी होती. चाळिसावं काही सुचेना, म्हणून तिनं शेजारचा चौकोन उचलला.

तासाभरानं बायडाबाई खिडकीशी आली. साठीची बाई, मागंपुढं कोणी नाही, घरात दुसरा जीव म्हणजे ती गायच.

“माजी गाय कावून काडली, बाई?”

गीतानं मान वर न करता सांगितलं, की यादी वरून आली आहे. बायडाबाई बराच वेळ तिच्या उजव्या हाताकडं बघत राहिली.

“वरून कोन? हात तर तुजाच हालतोय.”

ती भांडली नाही, तळतळाट केला नाही. गाय घेऊन फाटकाबाहेर गेली, आणि चार पावलांवर गाय खाली बसली ती बसलीच. बायडाबाई पदराची सावली धरून तिच्याशेजारी बसली. गीताच्या खुर्चीतून दोघी सरळ समोर दिसत. दुसऱ्या दिवशी दुपारी गीतानं ‘बाहेर’मधला तो चौकोन धरलाही होता. परत सातव्या ओळीत नेऊन सोडला असता, की गायीपुढं उसाचे वाढे पडले असते. पण एकीला घेतलं तर एकोणचाळीस जण खिडकीशी येतील, असं तिच्या मनात आलं. तिनं बोट उचललं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता गायीनं मान टाकली. बायडाबाई उठली आणि मागं न बघता वस्तीकडं चालू लागली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी गीतानं संगणक सुरू केला तर बाण सातव्या दावणीत, त्या गायीच्या रिकाम्या जागेवर उभा. तिनं तो हलवला. हात काढल्याबरोबर तो सावकाश पुन्हा तिथंच गेला. तिनं माऊस उलटा करून फुंकला, कापडानं पुसला, टेबलावर वही ठेवून तिच्यावर फिरवून बघितला. दुपारी नवा माऊस मागवला. नव्याचंही तेच.

आष्टीहून राधाकिशन आला. संगणक दुरुस्त करण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे. त्यानं समजावून सांगितलं, की पडद्यावरची एखादी खिडकी बिघडली की ती बाणाला धरून ठेवते, मग तो त्या खिडकीचंच ऐकतो, आपलं ऐकत नाही. त्यानं सगळं पुसून प्रोग्राम नव्यानं भरला. बाण सुतासारखा सरळ झाला. गीताला हायसं वाटलं. कारण सापडलं की तिला नेहमीच हायसं वाटायचं.

पुढच्या सकाळी ती चाऱ्याची नोंद लिहीत होती. माऊसवर हात नव्हता. अकराला बाण आपणहून हलला. दुसऱ्या दावणीत गेला, एका चौकोनावर थांबला आणि त्याला घेऊन उजवीकडं निघाला. माणूस ओढतो तसा झरकन नाही. दोन पावलं जायचा, थांबायचा, मागं रेटा बसल्यासारखा हिसका खायचा, पुन्हा निघायचा. गीतानं माऊसची वायर उपसली. बाण चालतच राहिला. चौकोन ‘बाहेर’मध्ये पडला आणि प्रिंटर कुरकुरला.

तिनं खिडकीतून बघितलं. दुसऱ्या दावणीतली एक कालवड दावं तोडून फाटकाकडं येत होती. तिच्यामागं कोणी नव्हतं, पुढं कोणी नव्हतं. बायडाबाईची गाय बसली होती तिथंच ती बसली, आणि दुपारपर्यंत संपली.

जनावरांच्या डॉक्टरांनी पोट फाडलं. सकाळी आठला तिनं सगळ्यांदेखत वाढे खाल्ले होते. पोटात काडीसुद्धा नव्हती. आतडी महिनाभराच्या उपाशी जनावरासारखी चिकटलेली होती. डॉक्टरांनी हात धुतले आणि कागदावर उष्माघात लिहिला.

दुसऱ्या दिवशी गीतानं संगणक लावलाच नाही. त्या दिवशी अकराला दोन जनावरं उठून फाटकाबाहेर जाऊन बसली.

म्हणून पुढच्या दिवशी तिनं तो लावला आणि टेबलाशी बसून राहिली. अकराला बाण निघाला आणि पहिल्या दावणीकडं वळला. पहिल्या दावणीत तिच्या वडिलांची बैलजोडी होती. धोंडीरामानं दोन वर्षं स्वतःच्या ताटातलं कमी करून ती जगवली होती. बाण डावीकडच्या बैलावर येऊन टेकणार, तेवढ्यात गीतानं माऊसवर झडप घातली.

त्याला ओढ होती. अंगावर आलेल्या जनावराचा कासरा हातात यावा तशी ओढ थेट खांद्यापर्यंत बसली. पाय टेबलाच्या पायाला रोवून तिनं बाण खाली, खाली नेला. चौथ्या दावणीपाशी तो सैल पडला आणि समोर आलेला चौकोन घेऊन निघाला. ती विमलबाईची म्हैस होती. विमलबाई नवऱ्यामागं तीन लेकरांना म्हशीच्या दुधावर वाढवत होती.

म्हैस फाटकाबाहेर जाऊन बसली. विमलबाई तिच्या गळ्यात पडून रडत असताना गीता आतून बघत होती. मनगट सुजलं होतं. आणि पहिला विचार मनात आला तो हाच, की वळतो म्हणजे वळवता येतो.

तिनं अर्जुनरावांना सगळं सांगितलं. ते हसतील किंवा घाबरतील असं तिला वाटलं होतं. ते खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, की वळवायला किती जोर लागतो. मग दावणींकडं बघून म्हणाले,

“तुज्या बापाचे बैल पहिल्या दावनीला हायेत ना?”

“हो.”

“मग मी नाव सांगत जाईन. तू वळवत जा.”

दुसऱ्या दिवसापासून अर्जुनराव पावणेअकराला यायचे. एक नाव सांगायचे. कधी निवडणुकीत विरुद्ध उभा राहिलेला, कधी बांधावरून वाद घातलेला, एकदा तर नुसता रामराम न घालणारा. बाण रोज पहिल्या दावणीकडंच निघायचा आणि गीता रोज त्याला वळवून त्या नावावर आणायची. मेच्या मध्यापर्यंत एकवीस जनावरं गेली. लोक रोग म्हणत, कोणी करणी म्हणत. हातात चिठ्ठी आली की सुग्रीव खाली बघायचा.

एका सकाळी ती वस्तीवर गेली. बायडाबाई उंबऱ्यात गहू पाखडत होती. गीतानं हात जोडले आणि हे थांबवा म्हणाली. बायडाबाईला खरोखरच काही कळलं नाही.

“मी काय केलं न्हाई, बाई. मला त्यातलं काय येतंय?” सूप तसंच धरून ती म्हणाली. “तूच थांबीव की.”

गीता परत आली. त्या दिवशीचं नाव अजून कानावर पडायचं होतं, तरी येता येता वाटेत तिनं मनाशी एक जनावर ठरवून टाकलं होतं. अर्जुनरावांनी नेमकं तेच सांगितलं. तिला त्याचं नवल वाटलं नाही. नंतर घरी भाकरी मोडताना ते आठवलं आणि तिनं ताट बाजूला सारलं.

त्या रात्री ताप चढला. सकाळी उठवेना. बाज उन्हाच्या कवडशातून ओढून आईनं, केशरबाईनं, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. गीता ग्लानीत होती. मधूनच उजव्या खांद्याला ओढ बसल्यासारखी वाटली, मग कोणीतरी मनगट घट्ट धरलं, मग काही नाही.

जाग आली तेव्हा दारात सुग्रीव उभा होता आणि धोंडीराम पायात वहाणा न घालताच निघाला होता. डावीकडचा बैल फाटकाबाहेर जाऊन बसला होता. सुग्रीव सांगत होता, की अर्जुनराव स्वतः टेबलाशी बसले होते, दोन्ही हातांनी माऊस दाबत होते, पण त्यांचं काही चाललं नाही.

दोघं गेले.

“आई,” गीता म्हणाली, “अकराला मी काय करत होते?”

“झोपेत हात सारखा सरकत हुता तुजा. चादरीवरून, खाली खाली.” केशरबाईनं पट्टी पिळली. “लई जोर हुता, बाई. म्या दोनी हातांनी दाबून धरला, तवा कुटं निपचित पडलीस.”

गीतानं मनगटाकडं बघितलं. आईच्या बोटांचे वळ उमटले होते.

केशरबाईनं पट्टी बदलली आणि वाटीतलं पाणी ओतायला उठली. आली ती बाजेच्या कडेला टेकली.

गीताचा हात चादरीवर होता. तिनं तो हलवला नव्हता. तो हलला. डावीकडं गेला, थांबला, वर आला. दोन पावलं, मग थांबणं.

“काय शोधतीस गं?” आई म्हणाली.

गीतानं डाव्या हातानं उजवा धरला. ओढ तशीच होती. हात सरकत सरकत आईच्या मांडीपाशी आला आणि तिथं टेकला.

मग पहिलं बोट हलकेच खाली दबलं.