डावीकडचा दिवा

ही गोष्ट खरी आहे हे मी शपथेवर सांगणार नाही. शपथ काय, कोणीही घेतं.

एवढंच सांगतो, की ज्यांच्यासोबत ही घडली त्या माझ्या भावोजींना कल्पना करणं हा प्रकारच जमत नाही. छताला ओल आली की बाकीचे लोक म्हणतात, कुठूनतरी पाणी झिरपत असेल. भावोजी 'असेल' म्हणत नाहीत. शिडी लावतात, वर चढतात आणि चांगला असलेला पत्रा वाकवून खाली येतात.

असा माणूस भुताची गोष्ट रचेल?

आणि रचली तरी त्यात स्वतःची फजिती ठेवेल? शक्यच नाही.

घरात त्यांचं नावच पडलंय, स्वतःराव. नळ गळतोय? स्वतः. मिक्सर बंद पडला? स्वतः. एकदा केसही स्वतः कापले होते, त्यानंतर पुढची दोन लग्नं ताई एकटीच जाऊन आली.

तर, गेल्या हिवाळ्यातला रविवार. दिवेलागणीची वेळ. जागा म्हणजे त्यांच्या घराला चिकटून असलेली पत्र्याची शेड. गाडी आत उभी, तोंड भिंतीकडे.

ताईला दूरच्या गावी नवी नोकरी लागली होती. सोमवारी सकाळी हजर व्हायचं होतं. म्हणजे पहाटेच्या अंधारात निघायचं, एकटीनं, वळणावळणाचा रस्ता.

आणि गाडीचा डावा दिवा आठवडाभर बंद.

आठवडाभर ताई गॅरेजचं नाव काढत होती. आठवडाभर भावोजींचं एकच उत्तर, एका बल्बसाठी गॅरेज? आता रविवार उजाडून मावळलाही होता, आणि गॅरेजला टाळं.

"एका डोळ्यानं पाठवताय मला," एवढंच ती म्हणाली आणि बॅग भरायला वर गेली.

ती भांडली असती तर भावोजींना बरं वाटलं असतं.

पुढे जाण्याआधी बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा म्हणजे आमचे वडील, भावोजींचे सासरे. गाडी मूळची त्यांची. नजर कमी झाली तेव्हा त्यांनी ती ताईला दिली. गाडी दिली, गाडीवरचा हक्क नाही दिला.

भावोजींनी बॉनेट उघडलं रे उघडलं, की बाबा हजर. आणि उभे कुठं राहणार? नेमके उजेडात. एक हात कमरेवर, मान पुढं. टॉर्च धरायला दिला तर तो भिंतीवर, छतावर, शेजाऱ्याच्या खिडकीवर पडायचा. कामावर सोडून सगळीकडे. नवा बल्ब दिसला की उचलून अंगठ्यानं पुसायचे. काचेला हात लावायचा नसतो, बोटांचं तेल लागतं, मग काच तापून बल्ब जातो, हे भावोजींनी त्यांना किती वेळा सांगितलं असेल. बाबा मान डोलवायचे आणि दुसरा पुसायला घ्यायचे.

"बाबा, उजेड सोडा." हे वाक्य भावोजी झोपेतसुद्धा बोलायचे, असं ताई सांगते.

दुसरी खोड पट्ट्याची. पुढे ड्रायव्हरच्या शेजारी, डाव्या सीटवर बसायचे, पण पट्टा लावायचे नाहीत. गाडी सारखी टुंईटुंई करायची. ताई चिडायची. बाबांचं म्हणणं, "बोंबलू दे तिला. मी काय पळून चाललोय?"

मागच्या पावसाळ्यात बाबा गेले. घरीच, झोपेत. कोणाला त्रास न देता. आयुष्यात पहिल्यांदाच, असं भावोजी म्हणाले होते, आणि मग बराच वेळ शेडमध्ये जाऊन बसले होते.

असो.

रविवारी संध्याकाळी भावोजींनी बॉनेट उघडलं. टॉर्च बॅटरीच्या कडेला टेकवून ठेवला, उजेड बरोबर दिव्याच्या मागच्या बाजूवर पडेल असा.

ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहीत आहे. उजवा दिवा माणसासाठी बनवलेला असतो. डावा दिवा, बहुतेक, माकडासाठी. मध्ये बॅटरी. मागे हात जाईल एवढी जागा, पण हात वळेल एवढी नाही. आधी प्लग ओढायचा. मग रबराची टोपी काढायची. मग आत एक तारेची क्लिप असते, ती न बघता, नुसत्या बोटांनी दाबून सोडवायची.

प्लग निघेना. निघाला तेव्हा हाताची साल घेऊन निघाला.

टोपी निघाली. क्लिप सुटली... आणि उजेड गेला.

टॉर्च छताकडे वळला होता.

घसरला असेल. भावोजी पहिल्यांदा 'असेल' म्हणाले ते इथं. त्यांनी टॉर्च पुन्हा नीट टेकवला, खाली चिंधीचा गोळाही लावला.

नवे बल्ब दोन आणले होते. पहिला त्यांनी स्वच्छ फडक्यात धरून बसवला. काचेला नखही लागू दिलं नाही. क्लिप लावताना ती तीनदा निसटली. तिन्ही वेळा त्यांनी क्लिपच्या आईवडिलांचा उद्धार केला.

शेवटी बसली. बटण दाबलं. भिंतीवर दोन पिवळे गोल उमटले. भावोजींनी कमरेवर हात ठेवून ते पाहिले. हाक मारून ताईला बोलवावं, असं मनात आलं.

तेवढ्यात डावा गोल... विझला.

पुन्हा प्लग. पुन्हा टोपी. पुन्हा क्लिप. बल्ब बाहेर काढला, फडक्यातच, आणि टॉर्चसमोर धरला.

काचेवर अंगठ्याचा ठसा होता.

ठळक. तेलकट. मधून एक आडवी रेघ गेलेली, जुनी जखम भरून आल्यावर राहते तशी.

भावोजींनी स्वतःचा अंगठा पाहिला. रेघ नव्हती. काळजी घेऊनही बल्ब खराब निघतो याचा त्यांना इतका संताप आला, की ठसा आला कुठून हा प्रश्न मागेच राहिला. कारखान्यातल्या कुणा गलथान माणसाला शिव्या देत त्यांनी तो बल्ब खिशात टाकला. उद्या दुकानदाराच्या टेबलावर आपटायला.

मागून कोणीतरी खाकरलं.

अगदी हलकं. काम बघणारा माणूस, काहीतरी सुचवायच्या आधी खाकरतो तसं.

"आलोच," भावोजी वळून न बघता म्हणाले. ताई असेल.

पण ताई वर होती. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज वरूनच येत होता.

टॉर्च... पुन्हा छताकडे.

आता बल्ब एकच उरला होता. दुकानं बंद व्हायच्या वाटेवर. हा गेला तर ताई पहाटे अंधारात एका दिव्यावर जाणार, आणि समोरून येणाऱ्याला ती मोटारसायकल वाटणार. भावोजींच्या पोटात हा विचार दुपारपासूनच होता. त्यांनी तो रागाखाली दाबून ठेवला होता, एवढंच.

टॉर्च त्यांनी दातांत धरला. लाळ गळू लागली. मान अवघडली. हाताला ओरखड्यांची जाळी झाली. क्लिप एकदा उडून खाली इंजिनच्या पोटात गेली, तर पालथं पडून, काठीला चुंबक बांधून ती काढली. डोक्याला बॉनेट लागलं. कोपराला बॅटरी लागली.

शेवटी खट्ट.

बसला.

बटण दाबलं. दोन्ही दिवे लागले.

भावोजी गाडीच्या बाजूला येऊन उभे राहिले. भिंतीवर उजवा गोल स्वच्छ. डाव्या गोलात मात्र मधोमध काहीतरी काळं होतं.

काच मळली असेल. त्यांनी दिव्याची काच फडक्यानं पुसली. काळं तसंच.

बाजूला येऊन नीट पाहिलं.

ती सावली होती. माणसाची. दिव्याच्या अगदी समोर कोणीतरी उभं राहिलं तर पडेल तशी. एक कोपर बाहेर आलेला, हात कमरेवर. मान थोडी पुढं.

दिवा आणि भिंत यांच्यामध्ये कोणी नव्हतं.

आता इथं तुम्हीआम्ही काय केलं असतं? पळालो असतो. भावोजींना भीती वाटली नाही, असं ते सांगतात, आणि माझा त्यावर विश्वास आहे. संध्याकाळभर ते इतके वैतागले होते, की दुसऱ्या कशाला आत जागाच नव्हती. तोंडातून आपोआप, वर्षानुवर्षांच्या सवयीनं, तेच निघालं.

"बाबा, उजेड सोडा."

आणि सावली...

बाजूला झाली.

घाईनं नाही. बाबा नेहमी व्हायचे तशी, नाखुशीनं, एक पाऊल.

भिंतीवर दोन्ही गोल लख्ख.

मग भावोजींना कळलं आपण काय बोललो. फडकं हातातून गळून पडलं. शेडमध्ये आवाज नव्हता. वरचाही नाही.

गाडीचं पुढचं डावं दार बंद होतं. ते उघडलं नाही, हे भावोजी पुन्हा पुन्हा सांगतात. उघडलं नाही. पण गाडी डावीकडे जराशी...

दबली.

कोणी आत बसल्यावर दबते तेवढीच. भिंतीवरचे दोन्ही गोल कणभर हलले आणि स्थिर झाले.

ताई खाली आली. दोन्ही दिवे पाहून थबकली. म्हणाली, जमलं की हो तुम्हाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं तोंडभरून कौतुक भावोजींच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं होतं. आणि ते घेता येईना.

त्यांनी तिला बसनं जा म्हणून सांगितलं. ती म्हणाली, का? त्यांनी सांगितलं, दिव्याचा भरवसा नाही. ती म्हणाली, तुमच्या हातच्या कामाचा? तुम्हाला? बोलणं वाढत गेलं. खरं कारण त्यांच्या जिभेवर येई आणि परत जाई. कारण तिचे वडील होते ते. ती आत्ता कुठं त्यांचं नाव रडल्याशिवाय घ्यायला लागली होती.

शेवटी ती म्हणाली, "एवढी काळजी आहे तर चला सोबत. बसा शेजारी."

भावोजींनी डाव्या सीटकडे पाहिलं.

रिकामी सीट. बाबांच्या वजनानं मध्ये खोलगट झालेली, जुनीच.

"टाकीत पाणी चढवायचंय," ते म्हणाले.

ताईनं त्यांच्याकडे जे पाहिलं, ते भावोजी अजून विसरलेले नाहीत. सावलीपेक्षा ते जास्त आठवतं म्हणतात.

पहाटे ती गेली. भावोजी फाटकाशी उभे राहिले, मागचे लाल दिवे वळणाआड जाईपर्यंत. मग आत येऊन फोन समोर ठेवून बसले. टाकी भरून वाहिली तरी उठले नाहीत.

फोन आला तेव्हा ऊन वर आलं होतं. ताई सुखरूप पोहोचली होती. दिवे झकास, दोन्ही. घाटात समोरून एक ट्रक चुकीच्या बाजूनं आला, पण डाव्या दिव्यात रस्त्याची कड स्वच्छ दिसली म्हणून गाडी बाजूला घेता आली. हे तिनं सहज सांगितलं. भावोजी खुर्चीत मागे टेकले.

मग ती म्हणाली, "पण अहो, सीटखालची वायर हलवलीत का तुम्ही?"

"कुठली सीट?"

"माझ्या शेजारची. अख्खा रस्ता टुंईटुंई. कोणी बसलेलं नाही, बॅग मागे, तरी पट्टा लावा म्हणून बोंबलतेय. शेवटी रिकाम्या सीटला पट्टा लावला, तेव्हा गप्प बसली."

भावोजींनी सांगितलं, हो, माझाच हात लागला असेल.

स्वतःरावांनी न केलेली चूक स्वतःच्या अंगावर घेतली. तेवढ्यावरून मला कळायला हवं होतं, की काहीतरी बिनसलंय.

पुढच्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी मला हे सगळं सांगितलं. मी हसलो. त्यांनी फडक्यात गुंडाळलेला बल्ब पुढे केला. मी तो उजेडात धरला. तेलकट ठसा, मधून आडवी रेघ. मी लहान असताना बाबांचा अंगठा पत्र्याच्या डब्याला कापला होता. त्या अंगठ्याला धरून मी रस्ता ओलांडायला शिकलो.

मी बल्ब फडक्यात गुंडाळून परत दिला. मग आम्ही दोघं शेडमध्ये गेलो नाही. चहाही आतच घेतला.

हे सगळं आता का लिहितोय? कारण परवा मी तिथं असतानाच ताईचा फोन आला. भावोजींनी तो मला ऐकू येईल असा ठेवला.

ती सांगत होती, की रिकाम्या सीटचा पट्टा ती आता कायम लावूनच ठेवते, कटकट नको म्हणून. पण हल्ली संध्याकाळी ऑफिसमधून गाडीपाशी यावं तर... पट्टा सुटलेला. गाडी कुलूपबंद, काचा वर, आणि पट्टा सुटलेला. तिथल्या गॅरेजवाल्यानं खटका तपासला. काही बिघाड नाही म्हणाला.

मग ती म्हणाली, "तुम्ही एकदा येऊन बघता का हो? तुम्हाला कळेल."

लग्न झाल्यापासून ताईनं काहीतरी दुरुस्त करायला भावोजींना स्वतःहून बोलवावं, असं कधी झालं नव्हतं.

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. शेड रिकामी होती, पण दार कोणीतरी अर्धं उघडं ठेवलेलं होतं.

"गॅरेजवाल्यालाच दाखव पुन्हा," स्वतःराव म्हणाले. "मला नाही जमायचं."