दुसऱ्या चुलीवरचं पाणी

गावजेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच गुरांच्या डॉक्टरीणबाईंना निरोप आला, म्हैस पडलीय. डॉक्टरीण मंडपामागे पोचली आणि जागच्या जागी थिजली. खड्डा भरून कुंपणापर्यंत सांडलेला कालचा उरलेला भात. आंबट वासाचा, माशा घोंघावणारा. पहाटे दावं तोडून आलेल्या म्हशीने तो पोटभर खाल्ला होता. तिचं पोट फुगून नगारा झालं होतं, आणि एक तरुण चिखलात बसून तिचं डोकं मांडीवर धरून होता.

"म्हैस तुमची?" तिने पिशवी उघडत विचारलं.

"म्हैस मावशीची. भात माझा."

ती बघतच राहिली. हाच आचारी होता तर.

तिने नळी घातली, सोडा पाजला, सलाईन लावलं. ती सांगेल तसं तो धरत होता. उन्हं वर आली तेव्हा म्हैस गेली. त्याला सुनवायला तिने मनात बरंच काही जुळवून ठेवलं होतं. पण तो गडी सगळ्यांसमोर रडत होता, डोळेही पुसत नव्हता... तिने नळी धुतली आणि पिशवी आवरली.

आठवड्याने तो तिच्या दवाखान्यात आला. रिकाम्या हाताने.

"जनावर कुठाय?"

"आणलं नाही. मीच आलोय."

"मी माणसांना तपासत नाही."

"तपासू नका... नुसतं ऐका." तो स्टुलाच्या टोकावर बसला. "यजमान म्हणतात दुप्पट तांदूळ घाल, मी घालतो. आता नाही घालणार. एका चुलीवर भात, दुसरीवर नुसतं आधण. पंगतीत ताटं बघायची, मगच पुढचे तांदूळ टाकायचे. पण कुणी तयारच होत नाही. म्हणतात, कमी पडलं तर नाक कापलं जाईल."

"माझ्या दादाचं लग्न आहे. आमच्याकडे करा," ती बोलून गेली. आणि मग तिलाच धक्का बसला. बाबांना विचारलं कुठे होतं?

लग्नाच्या दिवशी बाबांनी दुसऱ्या चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचललं. आत नुसतं पाणी उकळत होतं. बाहेर निम्मं गाव जेवायचं होतं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"पोरी, अब्रू गेली आपली."

ती धावतच पंगतीत गेली. तो भाताचं भांडं घेऊन ताटं निरखत चालला होता.

"तांदूळ टाका ना आता."

"जरा थांबा."

"बाबा कोसळतील हो."

"मीही..." तो हळूच म्हणाला. वाढलेला भात पानाबाहेर पडला. तिने त्याच्या हातातलं भांडं घेतलं. बोटांना बोटं लागली. दोघंही क्षणभर विसरली की कोण कुणाला वाढतंय.

मग त्याने मान हलवली आणि आधणात तांदूळ पडले. शेवटची पंगत ताटकळली. "भात पेरायला गेलेत की काय?" आत्या म्हणाली. पण वाफाळता भात पानात पडला तसा सगळा कलकलाट थांबला. वाढपी जेवले, भांडी घासणाऱ्या बायका जेवल्या. बाबा झाकण उचलून पातेल्यात डोकावले. तळाशी वाटीभर भात होता. उरलेलं टाकायला खणलेला मागचा खड्डा कोरडा होता.

"पुढच्या वर्षी हिचं उरकायचंय," ते आचाऱ्याला म्हणाले. "तेव्हाही तूच ये."

"तेव्हा मला स्वयंपाक जमायचा नाही, काका."

"का रे बाबा?"

"तेव्हा मी..." तो अडखळला. तिच्याकडे बघितलं. "नवरदेव व्हावं म्हणतोय. त्या हो म्हणाल्या तर."

बाबांच्या हातातलं झाकण खणकन खाली पडलं. आत्याचा घास हातातच राहिला.

"मला कुणी विचारलंय?" डॉक्टरीण कशीबशी म्हणाली.

"आत्ता विचारलं ना."

तिने खाली वाकून झाकण उचललं. ते पुसायला तिला जरा जास्तच वेळ लागला.

"मग त्या दिवशी भात कोण करणार?" ती झाकणाकडे बघतच म्हणाली.