मडकं भरून मीठ

त्याने माझ्या मडक्यात नोटा टाकल्या, आणि मी भडकले!

ला कियाकाच्या मडक्यांच्या जत्रेत उभी होते मी. दर ऑक्टोबरला आम्ही बोलिव्हियातल्या कुंभारणी पूल ओलांडून अर्जेंटिनात जातो. मडकं द्यायचं, आणि ते ज्याने भरेल तेवढं घ्यायचं... मीठ, मका, लोकर, काहीही. नोटा नाहीत.

"काढ त्या," मी म्हटलं. "वारा सुटला तर माझं मोल उडून जायचं."

तो हसला. गालावर मिठागराची पांढरी धूळ, डोळे मात्र काळेभोर. "शहरात कामाला होतो गं, सवय लागली. नाव काय तुझं?"

"मडक्याला विचार."

तो खरंच वाकला, मडक्याच्या तोंडाशी कान नेला. "सेनोबिया म्हणतंय."

शेजारच्या बाईकडून ऐकलं होतं मेल्याने! मग तो, लिबोरियो त्याचं नाव, गेला आणि मिठाची गोणी घेऊन आला. मडकं काठोकाठ भरलं, वर शीगही लावली. संध्याकाळी डफ वाजू लागले तशी त्याने मलाच गाण्यातून छेडलं—

सीमेच्या नदीमधी, घोटाभर पाणी,
तुझ्या रागात बाई, बुडालं गं कोणी...

सगळे माझ्याकडे बघायला लागले. गप्प बसते की काय मी?

बुडणाऱ्याचं मला, नाव नाही ठावं,
कोरड्या नदीत कुणी, बुडून का जावं?

जत्रा संपली तेव्हा तो हळूच म्हणाला, "पुढच्या जत्रेला आई येईल. तुला मागायला."

वर्षभर मी माती मळली ती त्याच्याच नावाने. मिठासाठी एक थोरलं मडकं घडवलं, लग्नाचं.

आणि यंदा? दोन राजधान्यांत कोट घातलेल्या माणसांचं कशावरून तरी बिनसलं, आणि इथे पूल बंद झाला. माणसांना मोकळा, मालाला बंद. मडक्यांची झोळी पाठीवर घेऊन मी पुलाच्या आमच्या बाजूला, व्हियासोनच्या टोकाला उभी. पहारेकरी म्हणाला, "बाई, तू जा. मडकी राहू देत."

पलीकडून लिबोरियो धावत आला. रिकाम्या हातांनी.

"मिठाची गोणी अडवली त्यांनी. असू दे! चल ना... आई थांबलीय पुलापाशी."

"आणि ही?"

"मडकी ना? नंतर बघू."

माझ्या कानशिलांत आग उठली. "माझी बहीण ब्युनोस आयरिसला तुमचे कपडे शिवते. मामी तुमची भांडी घासते. आमचे हात हवेत रे तुम्हाला, पण त्या हातांनी घडवलेलं नको! मी आले तर मडक्यांसकट येईन. नाहीतर आईला सांग, मुलगी फार तापट आहे."

"ते तिला केव्हाच सांगितलंय."

"हसू नकोस!"

"नाही हसत." तो खरंच हसत नव्हता. पुलाकडे पाहताना त्याच्या जबड्याची शीर ताठ झाली होती. मग त्याने थोरलं मडकं माझ्या झोळीतून उचललं.

"हे घेतो मी."

"कशाच्या बदल्यात? हात तर रिकामे."

त्याने मडक्यात तोंड घातलं आणि गायला लागला. तेच घोटाभर पाण्याचं गाणं... मडकं घुमलं, पहारेकऱ्यानेही मान वळवली. माझे ओठ थरथरले. रागानेच, दुसरं काय!

"भरलं?" त्याने विचारलं.

"अर्धंच."

"उरलेलं तुझ्या गावी भरतो. रोज थोडं थोडं. पूल उघडेपर्यंत, आणि त्यानंतरही."

"कासिरात? आमच्याकडे बाप्यांना भट्टीसाठी लामा जनावरांचं शेण गोळा करावं लागतं."

"करीन."

"आणि आई?"

"तिचे हात तर रिकामेच आहेत, ती येईल. मुलगी मागायची तर तिच्या दारी जाऊनच मागतात ना?"

पलीकडे उभ्या म्हातारीला त्याने हात केला. ती काठी टेकत, पहारेकऱ्याला शिव्या घालत पूल चढू लागली. तिच्या शिव्या ऐकून मला ती एकदम आवडली.

लिबोरियोने सगळी झोळी आपल्या पाठीवर घेतली. मी जाता जाता पुलाच्या कठड्यावर थुंकले. मग तोही थुंकला.

माझा राग काही गेला नव्हता. फक्त आता तो वाहायला आम्ही दोघं होतो.