रुमालाखालचा भाव

रुमालाखाली दोनच हात असायला हवे होते. तिसरा शिरला आणि मार्केट यार्डातल्या त्या गाळ्यावर गुळाचा भाव किलोमागे चार रुपयांनी चढला.

हल्ली भाव उघडच बोलतात. पण गूळ घ्यायला आलेल्या, समोरच्या गाळ्याच्या श्यामसुंदरशेठची सवय जुनी. समोरच्याच्या हातावर रुमाल टाकायचा, खाली बोटं दाबून आकडा सांगायचा, पटलं नाही तर हात काढून घ्यायचा. समोर होता गाळ्याचा तरुण मालक ऋषी. आणि तिसरा हात राजनंदिनीचा – वय वर्षं नऊ, जन्मापासून ऐकू न येणारी. बोटांनी बोलणारी माणसं दिसली, म्हणजे आपल्यातलीच असणार, असं समजून तीही चार बोटं दाबून गप्पांत सामील झाली होती.

"सॉरी हं..." आम्रपाली धावत आली. कर्वेनगरच्या कर्णबधिर शाळेत ती दर शनिवारी मदतीला जायची. आज मुलांना यार्ड दाखवायला आणलं होतं. "तिला वाटलं, तुम्हीपण –"

"चार रुपये मिळवून दिले हिने. रोज पाठवा." ऋषीची नजर जरा जास्तच रेंगाळली. "तुम्हीही या."

"मला गोड चालत नाही."

"बिनसाखरेचा चहा?"

तो मात्र चालला. पुढचे चार महिने चालला. ऋषी शनिवारी शाळेत येऊन खुणांची भाषा शिकू लागला. पोती उचलून जड झालेली त्याची बोटं भलतंच काहीतरी बोलत, आणि राजनंदिनी हसून लोळायची. आम्रपाली हसू दाबायची... फारसं दाबलं जात नसे.

मग एका शनिवारी, शाळेबाहेरच्या टपरीवर, तिने मनातलं सांगितलं. विशेष शिक्षणाचं बी.एड. करायचं होतं. सोमवार प्रवेशाचा शेवटचा दिवस.

ऋषीने चहाचं बिल उलटवून मागे आकडे मांडले. "फी नव्वद हजार. तुझा कॉल सेंटरचा सव्वीस हजार पगार दोन वर्षं बुडणार. सात लाख चौदा हजार झाले. आणि नंतर शाळा देणार किती?"

"सुरुवातीला बावीस."

"म्हणजे सात लाख घालून महिन्याला चार हजार कमी घ्यायचे?"

"तुझं गणित पक्कं आहे," ती शांतपणे म्हणाली. "आता एवढंच मांड. मागच्या महिन्यात राजनंदिनीच्या आईने मला पेढे दिले. का, तर लेक पहिल्यांदा आईशी भांडली. हातवारे करकरून, अर्धा तास. नऊ वर्षं त्या घरात भांडणसुद्धा नव्हतं, ऋषी. लाव भाव."

त्याने पेन खिशात टाकलं. मग तो घाईघाईने म्हणाला, "बरं, फी मी भरतो."

"वा. मग डिग्रीवर नावही तुझंच घालू."

ती उठून गेली. बसमध्ये तिला रडू आलं, आणि त्याचाच जास्त राग आला.

घरी तिचे बाबा, समाधान, सगळं ऐकून घेत होते. यार्डात तीस वर्षं तोलणार म्हणून काटा सांभाळलेला माणूस. "तुला येतं ते काम किती जणांना येतं?" एवढंच त्यांनी विचारलं. सोमवारी आम्रपालीने स्वतःच्या साठवणीतून पहिल्या वर्षाची फी भरली. शनिवारी रात्री आणि रविवारी काम द्यायचं कॉल सेंटरने कबूल केलं. रांगेतून बाहेर पडताना आपली मान आपोआप ताठ झालीय, हे तिचं तिलाच जाणवलं.

पावती आधी दाखवायची ती राजनंदिनीच्या आईला – बायडाबाईला. ती यार्डातच धान्य निवडायची. तिथे जायला दुसरे रस्ते होते; आम्रपाली ऋषीच्या गाळ्यावरून गेली.

तो बाहेर आला. हातात रुमाल. "एक बोली लावू?"

तिने हात पुढे केला. नुसती गंमत म्हणून, असं स्वतःला बजावत.

रुमालाखाली त्याने तिची दोन बोटं दाबली.

"दोन लाख?" तिने भुवई उडवली.

"दोन वर्षं. थांबतो. आणि तुझ्या फीचं नाव काढत नाही."

"आणि... नंतर?"

त्याने अख्खा हातच धरला.  आम्रपालीने तो काढून घेतला नाही.

तेवढ्यात रुमाल खस्सकन ओढला गेला. आईजवळून पळत आलेली राजनंदिनी कमरेवर हात ठेवून उभी होती. तिने रागारागाने खुणा केल्या – आपल्यात झाकून बोलत नाहीत.

हमाल थांबले. श्यामसुंदरशेठ समोरच्या गादीवरून वाकून बघू लागले. ऋषी कानापर्यंत लाल झाला. मग त्याने भर गल्लीत स्वतःकडे बोट दाखवलं, हात छातीवर ठेवला, आणि आम्रपालीकडे बोट केलं. ती जड बोटं आज कुठेही चुकली नाहीत. तिला त्याचा अभिमान वाटला, आणि तिने तो लपवला नाही.

पावती दातांत धरून तिने तेच उत्तर दिलं... दोन्ही हातांनी, सगळ्या यार्डाला दिसेल असं.