भंडाऱ्याची पाच बोटं

"ताई, माज्या केराचा आवाज गेला वो!"

नवी पेठेतल्या कापडदुकानावरच्या सुकन्याच्या खोलीत येऊन बिरुदेव मटकन खाली बसला. कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका छापायला तयार करून देणारा साठीचा माणूस, पण रडत होता लेकरासारखा. बायको केराबाई दोन वर्षांपूर्वी वारली. तिनं गायलेल्या ओव्या त्याच्या जुन्या कॉम्प्युटरात होत्या, जगात दुसरीकडं कुठंच नाहीत. आज सकाळी चालू केला, तर पडद्यावर एकच ओळ. डिस्क सापडत नाही.

"सुनंनंच काढली. लई दिवस म्हणत हुती, भंगारात घाला त्ये. मी तिला म्हणालो, जा माहेरी."

गुप्तहेर सुकन्या उठली. तिचा मदतनीस उमर मागोमाग निघाला. त्याला कॉम्प्युटरातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण म्हाताऱ्याला हाताला धरून त्यानंच जिना उतरवला.

घरी सून पायल पिशवी भरत होती.

"काल मामंजी दसऱ्याचं सोनं वाटायला गेले, मी एकटीच घरी होते, खरंय," ती म्हणाली. "पण सासूबाईंचा आवाज मी कशाला चोरू?"

सुकन्या सीपीयूच्या डब्यापुढं वाकली. झाकणाच्या फटीवरून ओल्या भंडाऱ्याची पाच बोटं ओढलेली होती. वाळून कडक झालेली, पण अखंड.

"पूजा कधी केली?"

"काल धा वाजता. बसू मेकॅनिक साफसफाई करून गेला की लगेच. मग चालूच केलं न्हाई. दसऱ्याला हत्याराला इसावा असतो की."

"बसू काही बोलला?"

"न्हाई. एरवी चा पिल्याबिगर हलत न्हाई, काल थांबलाच न्हाई. आज फोन केला तर म्हणाला, काका, डिस्क कुणीतरी काढून नेलीया, मी येतो."

"ताई, तिनंच केलंय," उमर कुजबुजला. मग त्यालाच शंका आली. "का डिस्क आतच असंल, वायर निसटली असंल?"

सुकन्या हसली. "वा रे पठ्ठ्या!"

तेवढ्यात बसू आला.

"मी सगळं नीट लावून दिलं हुतं," तो घाईनं म्हणाला. "धूळ काढली, रॅम खोडरबरानं घासली..."

"बसू, हे झाकण पूजेनंतर उघडलं असतं, तर भंडारा फटीवर तडकला असता. तो अखंड आहे. म्हणजे पायल सुटली. डिस्क पूजेआधीच गेली, आणि तेव्हा डबा तुझ्याच हातात होता."

"पर मी..."

"ह्या उमरला काही कळत नाही, तरी त्यालाही वायरीची शंका आली. तू मेकॅनिक असून, झाकण न उघडता फोनवर सांगितलंस, डिस्क काढून नेली. तुला कसं कळलं?"

बसूचा चेहरा पडला. त्यानं थैलीतून डिस्क काढली.

"साफ करताना हातातनं निसटली, काका. फरशीवर आदळली. तुमी आत भंडारा कालवत बसलेला, सणाचं तोंड उघडंना. नीट करून गुपचूप बसवणार हुतो, पर तुमचा फोन आला आन् घाबरून भलतंच बोललो."

"तुझ्या त्या एका वाक्यानं ह्या पोरीची पिशवी भरली," सुकन्या कडाडली.

"ओव्या?" बिरुदेवानं विचारलं.

"न्हाई वाचल्या. येवढंच निघालं." बसूनं मोबाइल पुढं धरला.

बांगड्या वाजल्या. केराबाई खाकरली. "अवो, सुरू झालं का त्ये?" मग काहीच नाही.

बिरुदेवानं पायलपुढं हात जोडले. उमरनं तोंड फिरवून डोळे पुसले.

बसूनं पुन्हा लावलं. "अवो, सुरू झालं का त्ये?"

"झालं गं, झालं," बिरुदेव मोबाइलला म्हणाला. "गा की आता."

पायलनं पिशवी खाली ठेवली आणि ती त्याच्याजवळ जाऊन बसली.