काटा हलता कामा नये

नव्या ट्रकचा अल्टरनेटर ताट बघून वाढतो. बॅटरी भुकेली असली की अठ्ठावीस व्होल्ट, पोट भरलं की हात आखडता. उतारावर गाडी फुकट धावत असते, तेव्हा पुन्हा सढळ. बॅटरी किती तापली, किती भरली, हे एक बोटभर सेन्सर कॉम्प्युटरला सांगतो. म्हणून डॅशबोर्डवरचा काटा दिवसभर वर-खाली होतो, आणि तेच गाडी ठणठणीत असल्याचं लक्षण.

वर्कशॉपमधल्या इलेक्ट्रिशियन ताईला हे तोंडपाठ होतं. फोरमनकाकांच्या मात्र गळी उतरत नव्हतं. त्यांची उभी हयात जुन्या गाड्यांखाली गेलेली. "काटा हलला की ड्रायव्हर हलतो," असं म्हणून ते सेन्सरचा प्लग उपटायचे आणि काळी टेप गुंडाळून द्यायचे. काटा एका जागी खिळायचा, ड्रायव्हर खूश व्हायचा. बॅटरी कितीही तापली, पेटीत स्फोटक वायू साठला, तरी सांगणारं कोणी उरायचं नाही.

ताई रजेवर होती, त्या दिवशी तिचा धाकटा भाऊ ट्रक घेऊन आला होता. काटा नाचतो, एवढीच तक्रार. काकांनी नेहमीसारखा प्लग उपटून टेप गुंडाळून दिली. दोन दिवस भर उन्हात गाडी हाकल्यावर त्यानं बॅटरीच्या पेटीचं झाकण उघडलं आणि सगळं त्याच्या तोंडावर फुटलं. काकांनी अहवालात लिहिलं, ड्रायव्हर सिगारेट ओढत होता. जो पोरगा दुसऱ्याच्या सिगारेटनं शिंकून बेजार व्हायचा, त्याच्याबद्दल. मेलेल्याला तोंड नसतं. ताईनं जळकी टेप मॅनेजरसाहेबांपुढे ठेवली, साहेबांनी कानांवर हात ठेवले. घरी आई लेकाच्या फोटोकडेसुद्धा रागानं बघू लागली. स्वतःच्या हातानं मेला म्हणून. ताईला एकच हवं होतं, काकांनी एकदा सगळ्यांसमोर खरं बोलावं.

चार महिन्यांनी तोच ट्रक नव्या बॅटऱ्या घालून चार्जिंग तपासायला आला.

सकाळी अकरा वाजता ताईनं मीटरचे चिमटे लावले. इंजिन बंद. पंचवीस पॉइंट चार. नव्या बॅटऱ्यांना शोभेल असाच आकडा.

काका शेजारच्या बाकावर चहा घेत फोनवर बोलत होते. "निघालोच आहे, पाच मिनिटांत पोचतो." ते जागचे हलले नव्हते. आकडा पंचवीस पॉइंट सात झाला. चहा संपेपर्यंत पुन्हा खाली आला.

ताईनं मीटर बदलला. वायरी तपासल्या. शेवटी अल्टरनेटरचा पट्टाच काढून बाजूला ठेवला. आता चार्जिंग यायचं तर आकाशातून. तेवढ्यात काका एका ड्रायव्हरला सांगत होते, "मी सेन्सरला कधी हात लावत नाही बाबा." आकडा साडेसव्वीस. काका गप्प बसले, आकडा उतरला.

तिनं हातातला पान्हा बाकावर ठेवला. मग तिनं हाक मारली.

"काका, जरा इकडे या."

ते आले.

"त्या दिवशी या गाडीचा प्लग कोणी काढला होता?"

"पुन्हा तेच दळण? तुझ्या भावानंच काढला असणार."

सत्तावीस.

"तुम्ही बघितलंत?"

"या डोळ्यांनी."

साडेअठ्ठावीस. पेटीतून बुडबुड ऐकू येऊ लागली.

"आणि सिगारेट?"

"बोटांतच होती. मी म्हटलंसुद्धा, विझव म्हणून."

एकतीस. पेटीचा पत्रा हळूहळू वर येत होता. सडक्या अंड्यांसारखा वास सुटला. काकांनी नाक मुरडून मीटरकडे पाहिलं.

"मीटर बिघडलाय तुझा."

"नाचता येईना अंगण वाकडं, काका."

त्या पत्र्याखाली काय साठलंय, हे तिथे तिला एकटीलाच कळत होतं. 'मागे व्हा' हे दोन शब्द तिच्या जिभेवर आले होते. तिला भावाचा चेहरा आठवला, म्हणजे डॉक्टरांनी जेवढा दाखवला होता तेवढा. तिनं शब्द गिळले. तिला काकांची दया आली नाही.

"झाकण उघडून बघा ना," ती म्हणाली. "तीस वर्षांचा अनुभव तुमचा."

आणि ती चार पावलं मागे गेली.

काकांनी पान्हा लावला.

आवाज फार मोठा झाला नाही.

दुपारपर्यंत अॅम्ब्युलन्स येऊन गेली. काका वाटेतच गेले. कोणीतरी फरशीवर पाणी ओतलं होतं, तरी आम्लाचा वास जात नव्हता. मीटर चाकाजवळ उलटा पडला होता. त्याच्या वायरी तुटून फरशीवर पसरल्या होत्या, कशालाच जोडलेल्या नव्हत्या. ताईनं तो उचलून बाकावर ठेवला. शून्य.

मॅनेजरसाहेब कागद घेऊन आले.

"झाकण उघडायला त्यांना कोणी सांगितलं होतं का, ताई?"

"नाही साहेब," ताई म्हणाली. "ते आपणहूनच गेले."

साहेब खाली मान घालून लिहू लागले. ताईची नजर बाकावर गेली.

पंचवीस पॉइंट नऊ.

साहेबांनी पान उलटलं आणि पुढचा प्रश्न विचारला.