केरबाआबांचं एक्केचाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग

कामशेतला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. चेष्टेखोर म्हणून मी अख्ख्या मावळात बदनाम. गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर खोट्या तड्याचं चित्र लावायचं आणि त्याचं तोंड बघत बसायचं, यात मला लय मजा येते. त्यामुळं हे कुणाला खरं वाटत नाही.

बेडशाची रेणुका शाळेत शिकवते. तिचे वडील केरबाआबा भीमगीतं गायचे. ते गेले, मागं राहिलं एकच रेकॉर्डिंग, एक्केचाळीस मिनिटांचं. "सुहासदादा, हे पुसलं गेलं तर आबा दुसऱ्यांदा जातील," म्हणाली.

मी तिला दोन डिस्कांचा डबा बसवून दिला. एकीवर जे लिहाल ते दुसरीवर आपोआप उतरतं. एक मेली तरी दुसरी जिवंत. शिवाय दर शनिवारी एक वेगळी कॉपी काढून तिसऱ्या डिस्कवर, आणि ती डिस्क माझ्या दुकानातल्या खणात, कुलपात.

"एवढी काळजी मी बायकोची पण घेत न्हाई," मी म्हटलं. ती हसली नाही.

चौथ्या शनिवारी भर दुपारी ती डबा घेऊन दुकानात आली. आठवडाभर ऊन नव्हतं. खणातल्या बिलबुकांना बुरशीचा वास येत होता.

"दादा, चेष्टेला पण जागा असते. आबांचं गाणं तोडलंत तुम्ही."

मी लावून ऐकलं. अकराव्या मिनिटाला आबा ओळीच्या मधेच थांबले. म्हणाले, "कोण हाय तितं?"

पुढं अर्धा तास गाणं नाही. कोरी शांतता पण नाही. कान देऊन बसलेल्या माणसाचा श्वास.

दुसऱ्या डिस्कवरही तेच. ते ठीक होतं. एकीवरचा बिघाड दुसरीवर इमानानं उतरतोच. म्हणून तर खणातल्या कॉप्या.

कुलूप काढलं. तिसऱ्या शनिवारची कॉपी लावली. आबा आठव्या मिनिटाला थांबले.

दुसऱ्या शनिवारची. चौथ्या मिनिटाला.

पहिल्या शनिवारची कॉपी मी त्या दिवशी स्वतः शेवटपर्यंत ऐकली होती. आता त्यात गाणंच नव्हतं. नुसता श्वास. फाइलची तारीख जुनीच. किल्ली माझ्याच खिशात.

"दादा, चेष्टा आहे म्हणा ना."

तिचा चेहरा बघून मी म्हटलं, "व्हय गं. चेष्टाच."

स्पीकरमधून आबा म्हणाले, "न्हाई."

रेणुका पुढं सरकली. "आबा?"

"लय गार हाय, रेणू."

मी स्पीकरची वायर उपटली. माझे हात गार पडले होते.

"लावा परत," ती म्हणाली. पर्समधून तिनं नवीकोरी डिस्क काढली. "आणि ह्याच्यावर पण घ्या. बोलतायत ना ते."

मी वायर परत लावली, कॉपी केली. तोवर ती स्क्रीनला चिकटून हळूच काहीतरी विचारत होती.

नवी कॉपी लावून बघितली. श्वास ऐकू येत होता.

दोघांचा. आबांचा, आणि रेणुकाचा.